एजंट बसवले, तरी अर्धे सर्व्हर लाल का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहकारी साखर कारखान्याचा आयटी विभाग, माणसं दोन. मुख्य कार्यालय आणि यार्डातला वजनकाटा मिळून २२ सर्व्हर, काही लिनक्स, बरेचसे विंडोज. शिवाय ९ गट कार्यालयं, प्रत्येकात एक छोटा सर्व्हर आणि साधं ब्रॉडबँड. गळीत हंगाम तोंडावर आला म्हणून झॅबिक्स, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, उभं केलं आणि सगळीकडे त्याचे एजंट (यंत्राचे आकडे मोजणारे छोटे प्रोग्राम) टाकले. आता पडद्यावर गट कार्यालयं कायम लाल आणि बाकीच्यांचे रात्रभर मेल. साहेब म्हणतात, बंद करून टाका. तुम्ही विचारलंय: प्रोमिथियसवर (अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर) जाऊ का, कुठले पोर्ट (यंत्राशी नेटवर्कवरून बोलायचे क्रमांकित दरवाजे) उघडू, आणि प्रत्येक यंत्रावर एजंट हवाच का?

प्रश्न तीन दिसतात, पण तुमच्या अडचणी दोनच आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. गट कार्यालयं लाल आहेत कारण कोणी कोणाशी आधी बोलायचं हे ठरलेलं नाही. मेलचा पूर आहे कारण मेल आल्यावर कोणी काय करायचं हे ठरलेलं नाही. साधन बदललंत तर या दोन्ही गोष्टी नव्या साधनासोबत जशाच्या तशा येतील.

प्रोमिथियसचं आधी मिटवतो. ते उत्तम आहे. २०१२ मध्ये साउंडक्लाउडच्या लोकांनी सुरू केलं, आणि कंटेनरच्या (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायच्या पद्धतीच्या) जगात आज तेच गृहीत धरलं जातं. पण त्याची मूळ पद्धत अशी की मुख्य सर्व्हर प्रत्येक यंत्राकडे स्वतः जातो आणि आकडे ओढून आणतो. लिनक्सवर बहुधा नोड एक्स्पोर्टर या छोट्या प्रोग्रामकडून, पोर्ट ९१०० वर. तुमचं गट कार्यालय ब्रॉडबँडच्या राउटरमागे आहे, बऱ्याच ठिकाणी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे. तिथपर्यंत बाहेरून वाटच नाही. प्रोमिथियसमध्येही उलट्या दिशेने आकडे पाठवायची सोय आहे, पण दोन माणसांच्या विभागाने ती उभी करत बसू नये. शिवाय तुमच्याकडे विंडोज जास्त, आणि जोडीला स्विच, यूपीएस. झॅबिक्समध्ये या सगळ्यांचे टेम्प्लेट, म्हणजे काय मोजायचं आणि कधी इशारा द्यायचा याच्या याद्या, आयते मिळतात. उद्या तुम्ही सगळं कुबरनेटीसवर (कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर) नेलंत तर माझं उत्तर वेगळं असेल. आज जिथे आहात तिथेच राहा.

आता दिशा. झॅबिक्सचा एजंट दोन पद्धतींनी बोलतो. पहिल्या पद्धतीत सर्व्हर विचारतो आणि एजंट उत्तर देतो. याला पॅसिव्ह म्हणतात, आणि यासाठी एजंटच्या यंत्रावर १००५० हे पोर्ट सर्व्हरला उघडं दिसावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत एजंट स्वतःहून सर्व्हरच्या १००५१ वर जातो, काय काय मोजायचं त्याची यादी घेतो आणि आकडे पाठवत राहतो. ही अ‍ॅक्टिव्ह. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर दोन्ही चालतात. गट कार्यालयांसाठी फक्त दुसरीच चालेल, त्यात पर्याय नाही.

तुम्ही सगळ्यांना लिनक्स किंवा विंडोजचं नेहमीचं टेम्प्लेट लावलं असणार. त्यातल्या तपासण्या पॅसिव्ह असतात. त्याच नावाचं, शेवटी 'अ‍ॅक्टिव्ह' असा शब्द असलेलं दुसरं टेम्प्लेट यादीत असतं. गट कार्यालयांचं जुनं टेम्प्लेट काढा, आधीच्या आयटमसकट (मोजायच्या एकेका गोष्टीसकट) साफ करा आणि हे लावा. माझा अंदाज आहे की तुमच्या नऊपैकी बहुतेक लाल खुणा इथेच जातील. तुमचं झॅबिक्स ६.२ च्या आधीचं असेल तर एक लक्षात ठेवा: तेव्हा होस्टसमोरची, म्हणजे नोंदवलेल्या यंत्रासमोरची, ती छोटी खूण फक्त पॅसिव्ह तपासणीवरून रंगायची. निव्वळ अ‍ॅक्टिव्ह होस्ट धडधाकट असूनही तिथे राखाडीच दिसायचा. म्हणून खुणेकडे पाहू नका, 'लेटेस्ट डेटा'च्या पानावर ताजे आकडे येताहेत का ते पाहा.

एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन ओळी महत्त्वाच्या. 'सर्व्हर' या ओळीत कोणाला प्रश्न विचारायची परवानगी आहे ते लिहायचं. लिनक्सच्या तयार फाइलमध्ये तिथे स्वतःचाच पत्ता, १२७.०.०.१, असतो. तो तसाच राहिला तर तुमच्या झॅबिक्स सर्व्हरने टाकलेली जोडणी एजंट नाकारतो, आणि कोणाला नाकारलं हे त्याच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहून ठेवतो. 'सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह' या ओळीत एजंटने कोणाकडे जायचं ते. आणि तिसरी ओळ 'होस्टनेम', हिच्याइतका घोळ दुसरी कुठलीच घालत नाही.

अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत सर्व्हर एजंटला पत्त्यावरून ओळखत नाही, या नावावरून ओळखतो. वेबच्या पानावर होस्टचं जे तांत्रिक नाव दिलंत तेच, अक्षरन् अक्षर, इंग्रजी कॅपिटल-स्मॉलच्या फरकासकट इथे हवं. एका ठिकाणी आडवी रेघ आणि दुसऱ्या ठिकाणी खालची रेघ, एवढ्यानेही 'होस्ट सापडला नाही' असं उत्तर येतं. बरं, तयार फाइलमध्ये इथे 'झॅबिक्स सर्व्हर' हेच नाव लिहून आलेलं असतं. ती फाइल चार यंत्रांवर तशीच टाकली की चौघेही स्वतःला झॅबिक्स सर्व्हर म्हणवून घेतात, आकडे एकाच होस्टमध्ये मिसळतात आणि आलेख करवतीसारखा दिसायला लागतो. यंत्राची प्रतिमा काढून दुसरं यंत्र बनवणाऱ्यांचंही हेच होतं. मी ही ओळ सरळ निष्क्रिय करतो. मग एजंट यंत्राचं स्वतःचं नाव वापरतो. फक्त यंत्रांना शहाणी नावं द्यायची शिस्त मात्र लागते.

तपासणीचा क्रम ठरवून घ्या. आतल्या नेटवर्कमधला होस्ट लाल असेल तर झॅबिक्सच्या सर्व्हरवर बसून त्या यंत्राचं १००५० पोर्ट लागतं का ते पाहा. स्वतःच्या लॅपटॉपवरून नको. फायरवॉलचे नियम लॅपटॉपला वेगळे असू शकतात. पोर्ट लागत असेल तर 'झॅबिक्स गेट' या छोट्या साधनाने एजंटला पिंग विचारा, १ हे उत्तर आलं पाहिजे. इथपर्यंत ठीक असेल तर दोष वेबच्या पानावरच्या मांडणीत आहे, नेटवर्कमध्ये नाही. गट कार्यालयासाठी क्रम उलटा: तिथल्या यंत्रावरून तुमच्या सर्व्हरचं १००५१ लागतं का, आणि मग एजंटचा लॉग.

आता हे १००५१ सरळ इंटरनेटवर उघडायचं का? मी उघडणार नाही. गट कार्यालयांच्या राउटरवर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, कूटबद्ध रस्ता) जमत असेल तर तेच करा. त्यात मला वायरगार्ड सोपं पडतं. जमत नसेलच तर निदान पीएसके लावा, म्हणजे दोन्ही बाजूंना आधी दिलेली गुप्त किल्ली. ही सोय झॅबिक्समध्ये ३.० पासून आहे. प्रत्येक होस्टला वेगळी किल्ली द्या, आणि किल्लीची फाइल एजंटच्या खात्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही असं करा. सगळ्या गटांना एकच किल्ली दिलीत तर एक संगणक चोरीला गेला की सगळ्या बदलत बसाल.

यार्ड आणि मुख्य कार्यालय यांच्यातली केबल हंगामात एखाद्या ट्रॉलीखाली किंवा खोदकामात तुटतेच. तिथे झॅबिक्सचा प्रॉक्सी, म्हणजे आकडे गोळा करून पुढे देणारा मधला संगणक, ठेवण्यासारखा आहे. साधा संगणक पुरतो. जोडणी तुटली तरी तो आकडे स्वतःकडे साठवतो आणि नंतर पाठवतो. मूळ मांडणीत ही साठवण एकाच तासाची असते, ती वाढवून घ्या. गट कार्यालयात जिथे मोजायला एकच यंत्र आहे तिथे प्रॉक्सीची गरज नाही.

प्रत्येक यंत्रावर एजंट हवाच का? नाही. स्विच आणि यूपीएसवर एजंट बसतच नाही, तिथे एसएनएमपी, म्हणजे अशा उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची प्रमाणित पद्धत. शक्य तिथे तिसरी आवृत्ती वापरा, कारण दुसऱ्या आवृत्तीत परवलीचा शब्द नेटवर्कवरून उघडाच जातो. तो मुळात 'पब्लिक' असतो, निदान एवढा तरी बदला. यूपीएसचं एसएनएमपी कार्ड बरेचदा वेगळं विकत घ्यावं लागतं. काट्याच्या आणि सर्व्हर रूमच्या यूपीएसला ते घ्याच, बाकीचं सोडा. खूप जुन्या विंडोजवर एजंटची पहिली, सी मध्ये लिहिलेली आवृत्ती टाका. एजंट २ चा, म्हणजे नव्या आवृत्तीचा, हट्ट नको. एजंट सर्व्हरपेक्षा जुना चालतो, नवा मात्र ठेवू नका.

काट्याच्या संगणकाबद्दल जरा सविस्तर सांगतो. इंडिकेटरला (काट्याचं वजन दाखवणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या त्या संगणकावर एजंट टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण तांत्रिक नाही. काटामारीचा संशय हा आपल्याकडे कायमचा विषय आहे. तपासणीला पथक येतं, शेतकरी संघटना येते. अशा वेळी 'या संगणकावर हे काय चाललंय, याला बाहेरून आज्ञा देता येतात का?' हा प्रश्न आला तर झॅबिक्सचं तत्त्वज्ञान समजावून सांगायची ती जागा नाही. म्हणून त्या यंत्राकडे फक्त बाहेरून पाहायचं: पिंग लागतो का, सॉफ्टवेअरचं पोर्ट जागं आहे का. काट्याचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असेल तर तिथे एजंट चालेल, पण पुरवठादाराची लेखी संमती घेऊन. आणि एजंटला बाहेरून आज्ञा चालवू देण्याची सोय मुळातच बंद असते. ती कुठल्याही यंत्रावर सुरू करू नका, कोणी कितीही सोयीचं म्हणून सांगितलं तरी.

डेटाबेसच्या सर्व्हरवर एक तपासणी अशी लावा जी कुठल्याच टेम्प्लेटमध्ये मिळणार नाही: शेवटची वजनपावती होऊन किती मिनिटं झाली? फक्त वाचायचा अधिकार असलेलं एक खातं, एक ओळीची क्वेरी, आणि एजंटच्या 'यूजर पॅरामीटर'मधून (स्वतःची तपासणी जोडायच्या सोयीतून) तो आकडा दर मिनिटाला. हंगामात काटा चोवीस तास चालतो. सीपीयू, रॅम, डिस्क सगळं हिरवं असताना पावत्या थांबलेल्या असू शकतात, कारण इंडिकेटरची केबल सैल झाली, प्रिंटर अडकला, सॉफ्टवेअरची सेवा गोठली. यार्डात रांग लागते ती सीपीयूमुळे नाही, पावती न निघाल्यामुळे. मात्र हा इशारा आधी तुम्हाला येऊ नये. '२० मिनिटांत पावती नाही' हा निरोप काट्यावरच्या पाळीच्या कारकुनाला जाऊ द्या. मिल बंद आहे का, गाड्याच आल्या नाहीत का, हे त्याला समोर दिसतं. त्याने दखल घेतली नाही तर दहा मिनिटांनी तुमच्या फोनवर. झॅबिक्समध्ये अशा पायऱ्या लावता येतात. किती मिनिटं ठेवायची ते तुमच्या गाळपावर ठरेल. गेल्या हंगामातल्या पावत्यांमधली अंतरं काढून बघा, आकडा आपोआप कळेल.

त्याच सर्व्हरवर अजून एक पाहा. काट्याचं सॉफ्टवेअर बरेचदा एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवर चालतं. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असतात, आणि तरीही ऐन हंगामात नवी पावती साठवायला डेटाबेस नकार देतो. डिस्कचा इशारा इथे काहीच सांगणार नाही. डेटाबेस फाइलचा आकार वेगळा मोजा आणि ८ जीबीला इशारा ठेवा.

आता रात्रभर येणारे मेल. बहुतेक रॅम आणि सीपीयूचे असतील, पैजेवर सांगतो. पूर्ण आवृत्तीतला एसक्यूएल सर्व्हर, मर्यादा घातली नसेल तर, मिळेल तेवढी मेमरी धरून ठेवतो. ते त्याचं काम आहे. त्या यंत्रावर 'मेमरी ९० टक्के' हा इशारा निरर्थक. लिनक्सवर 'फ्री'चा आकडा न पाहता 'अव्हेलेबल'चा पाहायचा, कारण कॅशमध्ये गेलेली मेमरी गरज पडताच परत मिळते. लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी) वाढला म्हणजे सीपीयू कमी पडतोय असंही नाही. लिनक्स त्यात डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजतं. सीपीयू रिकामा आणि लोड चढलेला दिसला की मी आधी डिस्क किंवा नेटवर्कवरचं शेअर तपासतो.

डिस्कला टक्क्यांचा इशारा मला आवडत नाही. २ टीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे २०० जीबी, ती कदाचित वर्षभर पुरेल. ४० जीबीच्या सी ड्राइव्हवर १० टक्के एका अपडेटमध्ये संपतात. झॅबिक्समध्ये 'टाइमलेफ्ट' नावाचं फंक्शन आहे, गेल्या काही तासांच्या चालीवरून जागा कधी संपेल ते सांगणारं. 'याच चालीने २ दिवसांत भरेल' असा इशारा कामाच्या वेळेत आला तर रात्रीचा फोन टळतो. लिनक्सवर आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) मोजा. लाखो बारक्या फाइली साठल्या की जागा असूनही 'जागा नाही' येतं.

मेलवर माझा नियम साधा आहे. ज्या इशाऱ्यापुढे एका माणसाचं नाव आणि एक कृती लिहिता येत नाही, तो मेलने जाणार नाही. पडद्यावर दिसेल, बस. झॅबिक्समध्ये तीव्रतेच्या सहा पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीला फोन, तिच्या खालच्या पायरीला संदेश, बाकी सगळं पडद्यावर. काट्याचा डेटाबेस, पगार आणि ऊस बिलांचा सर्व्हर, मुख्य स्विच, यूपीएस बॅटरीवर गेला: वरच्या पायरीला याहून जास्त काही ठेवायची गरज मला तरी दिसत नाही. बॅकअप विसरू नका. शेवटची बॅकअप फाइल किती तास जुनी आणि आदल्या दिवशीपेक्षा आकाराने खूप लहान तर नाही ना, हे रोज सकाळी.

गट कार्यालयांचा वेगळा विचार करा. तिथे संध्याकाळी संगणक बंद करून लोक घरी जातात, दिवसाही वीज जाते. 'पाच मिनिटं आकडे आले नाहीत' हा इशारा तिथे कामाच्या वेळेपुरता ठेवा, आणि पाचऐवजी अर्धा तास. आतल्या नेटवर्कमध्ये ट्रिगरची, म्हणजे इशाऱ्याच्या अटींची, अवलंबनं लावा: यार्डाचा स्विच गेला तर त्यामागच्या यंत्रांनी ओरडायचं नाही, एकट्या स्विचने ओरडायचं. हंगाम संपून ओव्हरहॉलिंग सुरू झालं की यार्डाच्या गटाला मेंटेनन्समध्ये (इशारे थांबवलेल्या स्थितीत) टाका, नाहीतर मे महिन्यात 'पावती नाही'चे संदेश सुरू होतील आणि कोणीतरी चिडून सगळंच बंद करेल.

घड्याळांचंही एकदा बघा. दोन सर्व्हरांच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक असला तर रात्री आधी काय पडलं ते लॉगवरून ठरवता येत नाही, आणि पावतीवरची वेळ हा तर वादाचाच विषय. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी घड्याळं जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. आत एकच यंत्र बाहेरच्या एनटीपीशी जुळवा, बाकीची त्याच्याशी.

आणि झॅबिक्सच गप्प झालं तर? सगळं हिरवं म्हणून मेल नाही की सर्व्हरच बंद म्हणून मेल नाही, हे कळायला हवं. रोज सकाळी नऊला 'सगळं ठीक' असा एक संदेश येऊ द्या. तो आला नाही की उठून बघायचं. ब्रॉडबँडच तुटलं तर मेल जाणार नाही, म्हणून एक यूएसबी जीएसएम मोडेम आणि सिम. झॅबिक्सला त्यावरून थेट एसएमएस पाठवता येतो. कारखाना गावाबाहेर असेल तर हा खर्च मी पहिल्याच यादीत धरेन.

जागेचा हिशेब: ३१ यंत्रं, प्रत्येकी सरासरी १०० आयटम, दर मिनिटाला एकदा, म्हणजे दिवसाला साधारण ४५ लाख आकडे. एका आकड्याला ९० बाइट धरले तर रोज ४०० एमबी. महिन्याचा तपशील ठेवायचा तर १२ जीबी. त्यामुळे सगळंच दर मिनिटाला मोजायची हौस नको. डिस्कची जागा पाच मिनिटांनी पुरते, यंत्राचा अनुक्रमांक दिवसातून एकदा.

सगळं एकदम बदलू नका. आधी एक गट कार्यालय, एक विंडोज आणि एक लिनक्स एवढेच नीट करा, आठवडाभर चालू द्या, मग ऑटो-रजिस्ट्रेशन लावा. एजंटच्या फाइलमध्ये 'होस्ट मेटाडेटा' म्हणून 'गट-विंडोज' किंवा 'यार्ड-लिनक्स' असं लिहिलं की नवा होस्ट आपणहून योग्य गटात जातो आणि योग्य टेम्प्लेट घेतो. आणि साहेबांना दाखवायला मेलची संख्या नको, पावतीच्या अंतराचा आलेख दाखवा.

टेम्प्लेट बदलूनही एखादं गट कार्यालय लाल राहिलं तर तीन गोष्टी कळवा: एजंटच्या लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी, त्या होस्टला लावलेल्या टेम्प्लेटचं नाव, आणि तिथल्या यंत्रावरून १००५१ लागतं की नाही. पत्ते आणि किल्ल्या खोडून पाठवा.